ओझरचे विमान, गंगापूरची वाइन आणि गुंतवणूकदाराचे गणित

नाशिकच्या गुंतवणूकदाराला बाजारातील कोणत्या कंपन्या घरच्या वाटतात, असे विचारले तर काही नावे हमखास पुढे येतात. जुन्या पिढीच्या तोंडी आजही ‘मायको’ असणारी सातपूरची बॉश, सातपूर आणि इगतपुरीची महिंद्र, ओझरचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि गंगापूर धरणाच्या परिसरातील सुला. या कंपन्यांच्या बसगाड्या रोज सकाळी डोळ्यांसमोरून जातात आणि त्यांतून जाणारा कोणीतरी नात्यातला किंवा शेजारचा असतो. अशा कंपनीचा शेअर घेताना परक्याच्या दारात उभे असल्याची भावना होत नाही. जे आपल्या ओळखीचे आहे त्यातच गुंतवणूक करावी, हा सल्ला अमेरिकेतील फंड व्यवस्थापक पीटर लिंच यांनी लोकप्रिय केला आणि भारतातही तो वारंवार उद्‌धृत केला जातो. सल्ला चुकीचा नाही, परंतु तो अर्धाच ऐकला जातो. कंपनी ओळखीची असणे वेगळे आणि तिच्या शेअरचा भाव समजणे वेगळे. नाशिकशी निगडित दोन भागविक्रींचा गेल्या काही वर्षांतील प्रवास हा फरक जितका स्पष्ट करतो, तितका कोणताही पाठ्यपुस्तकी दाखला करणार नाही.

पहिली भागविक्री सुला विनयार्ड्‌सची. कॅलिफोर्नियातील नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळच्या कौटुंबिक जमिनीवर वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. राज्य शासनाचे द्राक्ष प्रक्रिया धोरण त्यानंतर, २००१ मध्ये आले. पुढील दोन दशकांत देशातील द्राक्ष वाइनच्या बाजारपेठेचा निम्म्याहून अधिक हिस्सा या एका कंपनीकडे गेला. नाशिकला ‘वाइन कॅपिटल’ म्हणण्याची प्रथा पडली, तिच्यामागे हे नाव मोठे होते. डिसेंबर २०२२ मध्ये ३४० ते ३५७ रुपयांच्या किंमतपट्ट्यात कंपनीने भागविक्री आणली. अर्जासाठी किमान ४२ शेअर घेणे आवश्यक होते, म्हणजे वरच्या किमतीने १४,९९४ रुपये. एकूण ९६० कोटी रुपयांच्या या विक्रीला सव्वादोन पटींहून अधिक मागणी आली. २२ डिसेंबरला राष्ट्रीय शेअर बाजारात शेअर ३६१ रुपयांना उघडला आणि त्याच दिवशी विक्रीच्या किमतीच्या खाली बंद झाला.

पुढे काय झाले ते अधिक बोलके आहे. वर्षभरात भाव वाढत गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये सातशे रुपयांच्या उंबरठ्यावर पोहोचला. ज्यांनी भागविक्रीत घेतला होता त्यांचे पैसे जवळजवळ दुप्पट झाले आणि ज्यांनी घेतला नव्हता त्यांना चुटपुट लागली. अशी चुटपुट हे बाजारातील सर्वांत महागडे भांडवल आहे, कारण पुढची खरेदी बहुधा तिच्याच जोरावर होते. त्यानंतर भाव उतरू लागला. २०२५ मध्ये तो ३०० रुपयांच्याही खाली, म्हणजे भागविक्रीच्या किमतीहून खाली गेला. सातशेच्या आसपास खरेदी केलेल्याचे निम्म्याहून अधिक मूल्य नाहीसे झाले.

या काळात कंपनी बुडाली का? मुळीच नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षात तिचा निव्वळ नफा सुमारे ५२ कोटी रुपये होता, तो २०२२-२३ मध्ये ८४ कोटी आणि २०२३-२४ मध्ये ९३ कोटींवर गेला. २०२४-२५ मध्ये शहरी मागणी मंदावल्याने तो ७० कोटींच्या घरात आला. भागविक्रीच्या वेळच्या आकड्याशी तुलना केली, तर २०२४-२५ चा नफादेखील सुमारे एक तृतीयांशाने अधिकच होता. नफा वाढला आणि भाव घटला, हे कोडे सोडवायचे तर शेअरचा भाव कशाचा बनतो ते पाहावे लागते.

भाव दोन गोष्टींच्या गुणाकारातून बनतो. एक, कंपनी प्रत्येक शेअरमागे वर्षाला किती रुपये मिळवते. दोन, त्या प्रत्येक रुपयासाठी बाजार किती रुपये मोजायला तयार आहे. या दुसऱ्या आकड्याला किंमत-उत्पन्न गुणोत्तर, बाजाराच्या भाषेत ‘पी/ई’ म्हणतात. ३५७ रुपये भावाने सुलाचे एकूण बाजारमूल्य सुमारे ३,००० कोटी रुपये होत होते. आदल्या पूर्ण वर्षाचा नफा ५२ कोटी, म्हणजे खरेदीदार एक रुपया वार्षिक नफ्यासाठी ५७ रुपयांच्या आसपास मोजत होता. नफा पुढची अनेक वर्षे झपाट्याने वाढत राहील, हे गृहीत धरूनच कोणी एवढा भाव देतो. दोन वर्षे तो वाढलाही. तिसऱ्या वर्षी वाढ थांबताच बाजाराने प्रत्येक रुपयाचे मोल पस्तीस-छत्तीस रुपयांवर आणले. नफा एका वर्षात चतुर्थांशाने घटला आणि भाव शिखरापासून निम्म्याहून खाली आला, कारण गुणाकारातील दोन्ही संख्या एकाच वेळी लहान झाल्या.

दुसरी भागविक्री आज फारशी कोणाला आठवत नाही. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. मिग विमानांच्या पिढ्या तेथे बांधल्या गेल्या, नंतर सुखोई-३० आली. या कारखान्याच्या वेतनावर ओझर, पिंपळगाव आणि नाशिकमधील हजारो घरे उभी राहिली. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्थान एरोनॉटिक्समधील सुमारे दहा टक्के हिस्सा १,२१५ ते १,२४० रुपये भावाने विक्रीस काढला. किरकोळ गुंतवणूकदारांना २५ रुपयांची सूट होती, तरीही त्यांच्यासाठी राखलेला हिस्सा निम्मासुद्धा भरला नाही. संस्थात्मक गुंतवणूकदारांच्या, त्यातही आयुर्विमा महामंडळाच्या बळावर विक्री कशीबशी ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचली. २८ मार्चला नोंदणी झाली तीदेखील विक्रीच्या किमतीखाली.

अनास्थेची कारणे खोटी नव्हती. नव्या विमानांची मागणी आटत चालली होती. सरकारी कंपनी, एकच ग्राहक आणि तोही वेळेवर पैसे न देणारा. जानेवारी २०१९ मध्ये तर कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी कंपनीला जवळपास हजार कोटींची उचल घ्यावी लागली, तेव्हा ओझरच्या वसाहतीत चिंतेचे वातावरण होते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या धक्क्याने शेअर ५०० रुपयांच्या खाली गेला. भागविक्रीत घेतलेल्याची गुंतवणूक दोन वर्षांत निम्म्याहून कमी उरली होती.

चित्र पालटले ते मागणीमुळे. संरक्षण सामग्रीच्या आयातीवर सरकारने निर्बंध आणले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांचा सुमारे ४८,००० कोटी रुपयांचा करार झाला. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी बारा सुखोईंची सुमारे १३,५०० कोटींची, तर सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ तेजसची ६२,३७० कोटींची मागणी आली. दरम्यान सप्टेंबर २०२३ मध्ये एका शेअरचे दोन करण्यात आले. त्यामुळे जुना १,२४० चा भाव आजच्या हिशेबाने ६२० होतो. जुलै २०२४ मध्ये हा शेअर ५,६७४ रुपयांवर गेला, म्हणजे सुमारे नऊपट.

ही नऊपट कोठून आली? तेच गणित येथेही लावता येते. भागविक्रीच्या वेळी २०१६-१७ चा नफा सुमारे २,६०० कोटी होता आणि बाजार त्याच्या सोळापट मोजत होता. २०२३-२४ चा नफा ७,६२१ कोटी, म्हणजे तिप्पट. परंतु जुलै २०२४ मध्ये बाजार त्याच्या जवळजवळ पन्नासपट मोजत होता, म्हणजे तेही तिप्पट. तीन त्रिक नऊ. यातील पहिले तीन कारखान्यात तयार झाले, दुसरे तीन गुंतवणूकदारांच्या मनात. मनात तयार झालेले तीन केव्हाही परत जाऊ शकतात, याचाही प्रत्यय लगेच आला. २०२४-२५ मध्ये नफा आणखी वाढून आठ हजार कोटींच्या पुढे गेला, तरी २०२५ च्या प्रारंभी शेअर ३,२०० रुपयांच्या खाली उतरला होता आणि ते वर्ष संपेपर्यंत जुलै २०२४ च्या उच्चांकाला तो पुन्हा शिवला नाही.

दोन्ही विक्रींतील एक साम्य अनेकांच्या नजरेतून सुटते. दोन्ही पूर्णपणे ‘ऑफर फॉर सेल’ होत्या. म्हणजे जमा झालेला पैसा कंपनीला मिळाला नाही, आधीच्या भागधारकांना मिळाला. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या बाबतीत तो भागधारक केंद्र सरकार होता आणि सुलाच्या बाबतीत बेल्जियमची व्हरलिन्व्हेस्ट व इतर जुने गुंतवणूकदार. ‘मालकच विकून निघाला आहे, मग आपण का घ्यावे?’ असा एक सोपा निष्कर्ष यावरून काढला जातो. तो येथे टिकत नाही, कारण एका विक्रीत विकणाऱ्याने स्वस्तात दिले आणि दुसऱ्या विक्रीत पुरेपूर भाव वसूल केला. विकणारा कोण यापेक्षा त्याला घाई किती आणि आपल्याला हौस किती, हे पाहणे अधिक उपयोगाचे. माहितीपत्रकातील ‘इश्यूचे उद्दिष्ट’ हे प्रकरण काढले की पैसा कोठे जाणार ते दोन मिनिटांत कळते. पाचशे पानांच्या दस्तऐवजातील हे प्रकरण आणि ‘जोखमीचे घटक’ एवढे तरी अर्जापूर्वी वाचायला हवे. सेबीच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य असते.

सुलाच्या जोखमीत एक गोष्ट अशी होती, की तिच्याबाबत नाशिककराला मुंबईच्या विश्लेषकाहून अधिक ठाऊक असायला हवे होते. ती म्हणजे धोरण. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस मुभा देण्याचा निर्णय घेतला. त्यावर राज्यभर वादंग झाले आणि त्याच वर्षी सरकार बदलल्यावर तो निर्णय अमलात आला नाही. मूल्यवर्धित कराचा मोठा भाग परत करणारी राज्याची योजनाही नफ्याला आधार देत आली आहे. ती चालू राहणे वा थांबणे मंत्रालयात ठरते. शिवाय आयात वाइन. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे सुलाच्या नोंदणीनंतर अवघ्या आठवड्याने अमलात आला आणि त्यात महाग बाटल्यांवरील १५० टक्के आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले होते. युरोपीय संघाशी चाललेल्या वाटाघाटी २७ जानेवारी २०२६ रोजी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, त्यातही वाइनवरील शुल्क क्रमाक्रमाने उतरवण्याची तरतूद आहे. फ्रान्स-इटलीची बाटली स्वस्त झाल्यास दिंडोरीच्या बाटलीला आपला भाव राखणे कठीण जाईल. अतिस्वस्त युरोपीय वाइनला सवलत नसल्याने खालच्या श्रेणीला मात्र काहीसे संरक्षण राहील.

घरच्या कंपनीत पैसा गुंतवण्यात आणखी एक धोका आहे. त्याची चर्चा क्वचितच होते. ओझरच्या कारखान्यातील कर्मचाऱ्याचे वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि घराची किंमत आधीच त्या कारखान्यावर अवलंबून असते. बचतही त्याच शेअरमध्ये ठेवली, तर २०१९ सारख्या वर्षी चारही बाजूंनी एकदम ओढ लागते. द्राक्ष बागायतदाराचेही तसेच. २०२५ मध्ये मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस लांबला, घडनिर्मितीवर परिणाम झाला आणि निफाड-दिंडोरीतील अनेक बागा रिकाम्या राहिल्या. अशा बागायतदाराकडे द्राक्षांवर चालणाऱ्या कंपनीचे शेअर असतील, तर निसर्गाचा एकच फटका त्याला दोनदा बसतो. त्याच्यासाठी औषधनिर्मिती, माहिती तंत्रज्ञान, बँका किंवा सरळ निर्देशांकावर आधारित फंड अधिक योग्य, म्हणजे जेथे नाशिकच्या पावसाचा संबंध नाही असे काही. जो पुण्यात नोकरी करतो आणि ज्याची शेती नाही, त्याने मात्र सुला घेतली तर हा आक्षेप लागू होत नाही. एकच शेअर दोघांसाठी सारखा नसतो.

ज्या नाशिक रोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात राष्ट्रीय बचत पत्रे आणि किसान विकास पत्रे छापली गेली, त्याच शहरात आज बचतीचे कागद मागे पडून मोबाइलवरील डिमॅट खाती पुढे आली आहेत. २०१६ च्या जुलैपासून ही छापील पत्रे देणे बंद होऊन त्यांची जागा पासबुकाने घेतली. या बदलाला व्याजदरांचीही जोड मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेने रेपो दर फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला आणि ठेवींचे दरही पाठोपाठ उतरले. निवृत्तीच्या रकमेवर जगणाऱ्यांना त्यामुळे बाजाराचा मार्ग खुणावतो. म्युच्युअल फंडांच्या मासिक हप्त्यांतून येणारी रक्कम एप्रिल २०२४ मध्ये प्रथमच २०,००० कोटींवर गेली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये विदेशी संस्थांनी एका महिन्यात ९० हजार कोटींहून अधिक शेअर विकले, तेव्हा देशी पैशानेच बाजार सावरला. तरीही निफ्टीला सप्टेंबर २०२४ चा २६,२७७ अंशांचा उच्चांक ओलांडायला चौदा महिने, नोव्हेंबर २०२५ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात तो २२,००० च्या खालीही जाऊन आला. ज्याला मुलीच्या लग्नासाठी वर्षभरात पैसे लागणार आहेत, त्याने ते येथे का ठेवू नयेत याचे हे पुरेसे उत्तर आहे. व्याज कमी झाले म्हणून मुद्दलाची जोखीम घेणे हा उपाय सर्वांना झेपणारा नाही.

पुढच्या काळाकडे पाहताना नाशिकमध्ये दोन विषय हटकून निघतात. एक वाहन उद्योगाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्के, तर ट्रॅक्टरवरील १२ वरून ५ टक्के झाला. महिंद्र आणि तिला सुटे भाग पुरवणाऱ्या सातपूर-अंबडच्या कारखानदारांसाठी ही जमेची बाजू. मात्र जाहीर झालेली करकपात ही सर्वांना ठाऊक असलेली बातमी असते, भावात ती पहिल्याच आठवड्यात मिसळून जाते. दुसरा विषय २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचा. रस्ते, पूल, मलनिस्सारण, साधुग्राम यांवरील खर्चाने बांधकाम व हॉटेल व्यवसायाला चालना मिळेल हे खरे. परंतु ‘कुंभमेळा शेअर’ म्हणून समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या याद्यांतील बहुतेक कंपन्यांच्या एकूण उलाढालीत नाशिकच्या कामाचा वाटा नगण्य असतो. मेळ्याचा खर्च एकदाच होतो आणि तो पुन्हा बारा वर्षांनी. अशा एकदाच मिळणाऱ्या नफ्याला पन्नासचा गुणक लावणे म्हणजे यात्रेच्या दिवसाची विक्री धरून वर्षभराचे दुकान विकत घेण्यासारखे आहे.

याद्यांपेक्षाही चिंतेची बाब वायदे व्यवहारांची. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दहापैकी नऊहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२४-२५ मध्येही तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के राहिले. ‘केबीसी’ प्रकरणात २०१४ मध्ये गुन्हा दाखल झाला, तेव्हा दामदुपटीच्या आमिषाची चर्चा नाशिकच्या घराघरांत झाली होती. आता आमिष दाखवायला दलालही लागत नाही, मोबाइलचा पडदा ते काम करतो.

करांचा विचार थोडक्यात सांगता येईल. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या नोंदणीकृत शेअरच्या नफ्यावर २० टक्के, तर त्यानंतर विकलेल्यांच्या वर्षाला सव्वा लाखावरील नफ्यावर १२.५ टक्के कर आकारला जाऊ लागला.

ओझरच्या तेजस उत्पादन केंद्रातून पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले, तेव्हा शहराला अभिमान वाटणे स्वाभाविक होते. या केंद्राची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. मात्र अमेरिकी इंजिनांच्या विलंबामुळे हवाई दलाला पहिले विमान देण्याची फेब्रुवारी २०२४ ची मुदत तोवर केव्हाच उलटून गेली होती. करार झालेल्या विमानांचा आकडा भावात आधीच मिसळलेला असतो, सुपूर्द होणाऱ्या विमानांचा नसतो. म्हणून ज्याच्याकडे हा शेअर आहे किंवा जो तो घेऊ पाहतो, त्याने तिमाही निकालांत नफ्याच्या आधी एकच रकाना शोधावा: त्या तीन महिन्यांत हवाई दलाकडे किती विमाने सुपूर्द झाली.